मधलं पाणी

कमलाकांत वझरकरांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. चुलत बहिणीच्या लग्नाला मुंबईला गेले असताना संध्याकाळी अर्धा तास चौपाटीवर उभे राहिले, आणि चपलांत वाळू जाते म्हणून लवकर परतले. तरीही १९२६ सालापासून पुढची अडीच वर्षं, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी पाणी किती खोलीवर कोणत्या बाजूला वाहतं हे अमरावतीत अंबागेटच्या आत, भाड्याच्या माडीवर बसून तेच ठरवत होते.

ते हायस्कुलात गणित शिकवत. आकडेमोडीत त्यांचा हात धरणारं वऱ्हाडात कोणी नव्हतं. त्यांचा कॉलेजातला सोबती हेमचंद्र, मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला, मुंबईत एका सरकारी कचेरीत होता. समुद्राची पाहणी करणाऱ्या जहाजांच्या नोंदी त्या कचेरीत येत. आकडे फार आणि हिशेब करणारी माणसं थोडी, म्हणून हेमचंद्राने हे काम वझरकर मास्तरांकडे वळवलं. महिन्या-दोन महिन्यांनी टपालाने वह्यांचा गठ्ठा येई. मास्तर शाळा सुटल्यावर बसून तापमानातल्या चुका काढत, यंत्र सोडायची तार पाण्यात तिरपी गेली असेल तर खरी खोली काढत आणि स्वच्छ प्रत करून मूळ वह्यांसकट परत पाठवत.

जहाजावर मोजमाप करायला एक होतकरू तरुण हवा आहे असं हेमचंद्राने कळवलं, तेव्हा मास्तरांना खुशाल गावंडे आठवला. दर्यापूर तालुक्यातला, पूर्णेकाठच्या कुणब्याचा मुलगा. मॅट्रिकला गणितात त्याचे मार्क जिल्ह्यात वरचे होते. शेतात परत जाण्यापेक्षा काही वेगळं करावं असं त्याच्या मनात होतं, पण बाप, नत्थुजी, तयार नव्हता. समुद्रावर गेलेलं पोर परत येत नाही, असं त्याचं म्हणणं. मास्तर स्वतः त्या गावाला गेले. दर्यापूरपर्यंत लहान गाडीने, पुढं दोन कोस पायी. ओसरीवर बसून त्यांनी नत्थुजीची समजूत घातली, पोराची जबाबदारी आपली असं सांगितलं, आणि खुशाल गेला.

त्याच्या वह्या पाहून मास्तरांना अभिमान वाटे. अक्षर सुबक, खाडाखोड नाही. पाण्यात सोडायचं एक यंत्र होतं, त्यात होकायंत्राची सुई आणि बारीक गोळ्या असत. पाणी ज्या दिशेला ओढील त्या दिशेच्या कप्प्यात गोळ्या पडत. यंत्र वर काढून कप्प्यातल्या गोळ्या मोजायच्या आणि दिशा लिहायची. दर पाच वावांवर, म्हणजे तीस फुटांवर, हे करायचं, सोबत तापमान आणि बाटलीभर पाण्याचा नमुनाही घ्यायचा. एडनच्या उन्हात दिवसभर हे काम करणं सोपं नव्हतं.

हिवाळ्याचं गणित फार सुंदर जमलं. तांबड्या समुद्राला एकही मोठी नदी मिळत नाही, आणि ऊन इतकं की पाणी सारखं आटत राहतं. ती तूट भरायला एडनच्या, म्हणजे बाहेरच्या समुद्राच्या, बाजूचं पाणी वरून आत येतं. आत गेलेलं पाणी आटून खारट आणि जड होतं, ते तळाशी बसतं आणि खालून बाहेर निघतं. वरचं आत, खालचं बाहेर. दोनच थर. मास्तरांनी त्यावर एक निबंध लिहिला. कचेरीला तो इतका आवडला की तो त्यांच्या नावानं पुस्तिका म्हणून छापायचं ठरलं. उन्हाळ्याचे आकडे आले की तक्ता पुरा करायचा आणि छपाईला टाकायचा, एवढंच बाकी होतं.

१९२८च्या सप्टेंबरात उन्हाळ्याच्या वह्या आल्या. त्यांच्या दोन दिवस आधी खुशालचं पत्र आलं होतं.

"आकडे पाहून आपल्याला नवल वाटेल म्हणून आधी कळवतो," त्याने लिहिलं होतं. "उन्हाळ्यात इथं वारा फिरतो. तो वरचं पाणी बाहेर ढकलतो. मग पंधरा वावांपासून पन्नास वावांपर्यंत एडनकडचं थंड पाणी आत शिरतं, आणि त्याच्याही खाली तळचं खारं पाणी थोडं थोडं बाहेर जातंच असतं. म्हणजे तीन थर झाले. मी प्रत्येक ठिकाणी दोनदा यंत्र सोडून पाहिलं. मधलं पाणी तळच्यापेक्षा थंड आहे, तरी ते वरच राहतं, कारण तळचं फार खारं आहे. आमच्या खारपाण पट्ट्यात विहिरीत पावसाचं गोड पाणी वर राहतं आणि खारं खाली. बाया बादली बुडवत नाहीत, कलती धरून वरवरचं घेतात. ते मी लहानपणापासून पाहिलं आहे, म्हणून मला हे लवकर कळलं असेल."

मास्तरांनी पत्र बायकोला, गोदावरीबाईंना, वाचून दाखवलं आणि हसून म्हणाले की पोरगा समुद्रावर जाऊनही विहिरीतच आहे. मग वह्या उघडल्या. वर अठ्ठ्याऐंशी अंश फॅरनहाइट, पस्तीस वावांवर चौसष्ट, आणि तळाशी एकाहत्तर. खाली जावं तसं पाणी थंड होत जातं हे त्यांना ठाऊक होतं. मधे थंड आणि तळाशी पुन्हा कोमट, हे त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. दिशाही उलट्या. वरचं बाहेर, मधलं आत. त्यांच्या निबंधाच्या पहिल्याच पानावर जे ठासून लिहिलं होतं ते निम्म्या वर्षापुरतंच खरं आहे, असा त्या आकड्यांचा अर्थ होत होता.

तीन दिवस त्यांनी वह्या तशाच ठेवल्या. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं की खुशालने यंत्राची सुई उलट्या टोकाकडून वाचली असणार. नवख्याच्या हातून असं होतं. दिशा उलटून घेतल्या की वरचं आत येत होतं, निबंधात होतं तसं. पण मग मधलं बाहेर आणि तळचं आत जाऊ लागलं. तेव्हा तळाच्या दिशा त्यांनी उलटल्या नाहीत, आणि मधलं तापमान थर्मामीटर बिघडल्याचं धरून गाळलं. तक्ता साफ दोन थरांचा झाला.

हेमचंद्राचं पत्र आलं की उन्हाळ्याच्या आकड्यांबद्दल जहाजावरचे साहेब विचारतात, ते भरवशाचे आहेत का. मास्तर उत्तर लिहायला बसले तेव्हा गोदावरीबाई जवळच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, काय लिहिताय. मास्तरांनी सांगितलं.

"त्याला एकदा विचारून तरी पाहा," गोदावरीबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणाले की एडनला पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागेल आणि छापखाना नोव्हेंबरच्या पुढं थांबणार नाही. मग त्यांनी लिहिलं की मधल्या खोलीचे आकडे घेऊ नयेत. तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण आकडे गाळण्याला काही कारण द्यावं म्हणून त्यांनी आणखी एक वाक्य घातलं: निरीक्षकाने काही नोंदी यंत्र पाण्यात न सोडता, केबिनीत बसून भरल्या असाव्यात. ते लिहिताना त्यांना ते खरं वाटलं होतं की नुसतं सोयीचं, हे पुढं त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

डिसेंबरात एका दुपारी खुशाल माडीवर आला. हातात पत्र्याची पेटी, तोंड उन्हाने काळवंडलेलं. त्याला जहाजावरून उतरवलं होतं. त्याच्या नोकरीच्या कागदावर खोट्या नोंदी केल्याचा शेरा होता, आणि तो शेरा पाहून मुंबईत दुसऱ्या कोणत्याही कचेरीने त्याला उभं केलं नव्हतं. हे सगळं त्याने सावकाश सांगितलं, कोणावर राग न काढता. मग विचारलं, "मास्तर, तुमाले काय वाटते? म्या आकडे मनानं लिहले असतीन?"

मास्तर म्हणाले, "चुका होतात, खुशाल. समुद्रावर माणूस थकतो."

गोदावरीबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. खुशालने चहा संपवला. मास्तरांनी त्याला अमरावतीत कुठं काम मिळेल, कोणाला भेटावं, असं काही सांगितलं. तो ऐकत नव्हता.

"आणखी काही सांगाचं हाये काय, मास्तर?" त्याने विचारलं.

मास्तर म्हणाले, नाही.

त्याने वाकून नमस्कार केला, पेटी उचलली आणि गेला. पुढं कळलं की गावात त्याचं मन लागलं नाही, आणि तो धामणगावला एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर लागला आहे. पुस्तिका छापून आली. मास्तरांनी तिची एक प्रत हेडमास्तरांना दिली, एक काचेच्या कपाटात ठेवली.

सात वर्षं गेली. १९३५च्या दिवाळीत हेमचंद्र रजेवर अकोल्याला आला आणि त्याने मास्तरांना बोलावून घेतलं. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्याचं घर होतं. फराळ झाल्यावर त्याने एक विलायती नियतकालिक समोर टाकलं. दुसऱ्या एका देशाच्या जहाजाने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दोन उन्हाळे नव्या यंत्रांनी पाहणी केली होती. पान उलटलं तर आकृती होती, सामुद्रधुनी मधोमध कापून दाखवलेली. तीन बाण होते. वरचा बाहेर, मधला आत, तळचा बाहेर. मधल्या बाणावर तापमान होतं. मास्तरांनी मनातल्या मनात ते फॅरनहाइटमध्ये करून पाहिलं. चौसष्ट.

हेमचंद्र सुपारी कातरत म्हणाला, "आपल्या त्या गावंड्याने हेच लिहिलं होतं ना रे?"

मास्तरांनी विचारलं की त्याच्या मूळ वह्या कुठं असतील. हेमचंद्राने सांगितलं की पाच वर्षं झाली की वह्या रद्दीत जातात, तसा नियमच आहे. स्वच्छ प्रत तेवढी जपून ठेवली आहे. ती प्रत मास्तरांच्या हातची होती, दिशा उलटलेली. खुशालचं ते पत्रही मास्तरांनी जपलं नव्हतं; त्याने पाहिलेला समुद्र आता जगात कुठंच लिहिलेला नव्हता.

गोदावरीबाईंना त्यांनी परत आल्यावर सांगितलं. त्यांनी दोष दिला नाही. धामणगाव काही लांब नाही, एवढंच म्हणाल्या. तरीही मास्तरांना जायला फेब्रुवारी उजाडला. आधी सहामाहीचे पेपर होते, मग खोकला झाला, मग कारणंही संपली.

धामणगावला कापसाचा हंगाम जोरात होता. स्टेशनापासून फॅक्टरीपर्यंत गाड्यांची रांग लागलेली. खुशाल इंजिनघरातून बाहेर आला तेव्हा त्याचे हात तेलाने काळे होते आणि केसांत कापसाचे पुंजके. तिशीचाच असेल, पण कानांवरचे केस पिकायला लागले होते. मास्तरांना पाहून तो दचकला नाही. हात पुसून त्यांना तो स्टेशनाजवळच्या हॉटेलात घेऊन गेला आणि बाकावर शेजारी बसला.

मास्तरांनी येताना गाडीत वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना. त्यांनी खिशातून आकृतीची नक्कल काढून समोर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. दिशा उलटल्या, तापमान गाळलं, आणि ते वाक्य लिहिलं. वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

खुशाल आकृतीकडे पाहत होता. मधल्या बाणावर त्याने बोट ठेवलं.

"मले माहीत होतं, मास्तर."

मास्तरांना वाटलं तो तीन थरांबद्दल बोलतो आहे. ते हो म्हणाले.

"तसं नाही. पत्राचं म्हणतो मी. मुंबईले सायबानं ते पत्र माह्यासमोर ठेवलं. तुमचं अक्षर मी वळखनार नाही काय? चार सालं फळ्यावर पाह्यलं."

मास्तरांनी विचारलं, मग त्या दिवशी तू घरी आलास तो कशाला?

"तुमी सांगसान म्हनून आलो होतो," खुशाल म्हणाला. "दोनदा इचारलं."

चहा गार झाला होता. मास्तर म्हणाले की ते कचेरीला लिहितील, त्या नियतकालिकालाही लिहितील, सगळं आपल्या नावानं कबूल करतील. खुशालने मान हलवली. लिहा म्हणाला, पण त्याच्या स्वरात त्याबद्दल काही उत्सुकता नव्हती. मग तो बापाबद्दल बोलू लागला. नत्थुजी दोन वर्षांपूर्वी वारला होता. पोरगा सरकारात खोटं लिहून परत आला, हे गावभर झालं होतं. बापाने त्याला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

"पहिले गावात कोनाचं बी पत्र येवो, कागद येवो, बुढा मलेच वाचाले लावे. लोकाईले सांगे, माहा खुशाल वाचून सांगन. वापस आल्यावर मी ओसरीवर बसलेला असलो तरी तो कागद घेऊन दुसऱ्याच्या घरी जाये. म्हनून मी इकडं आलो."

मास्तरांनी विचारलं, मी काय करू?

"माय हाये अजून. तिले सांगा. मी सांगतलं त तिले वाटते लेकरू आपली बाजू मांडून राहिलं."

हंगाम संपेपर्यंत त्याला सुटी मिळणार नव्हती. मास्तर पुढच्या रविवारी एकटेच निघाले. बडनेरा, मूर्तिजापूर, तिथून लहान गाडीने दर्यापूर. पुढचे दोन कोस या वेळी त्यांना छकडा मिळाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या वेचून झाल्या होत्या.

खुशालची आई मैनाबाई अंगणात तूर पाखडत होती. मास्तरांना तिने ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही. ओसरीवर घोंगडी होती, तिच्यावर बसायला सांगितलं. मास्तरांनी समुद्राचं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तुमच्या मुलानं जे पाहिलं तेच लिहिलं होतं, आणि ते खोटं आहे असं मी लिहून कळवलं. आता दुसऱ्या लोकांनी मोजून पाहिलं, आणि खुशालचंच खरं निघालं.

तिने सूप थांबवलं.

"तुमी त्याले न्याले आलते तवा पायी आलते," ती म्हणाली.

मास्तर हो म्हणाले.

"मंग हे सांगाले सात वर्सं काहून लागले?"

सहामाहीचे पेपर, खोकला, हे तिला सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याच्या आधीच्या सात वर्षांचं तर त्यांना स्वतःलाच सांगता येत नव्हतं. ती पुन्हा तूर पाखडू लागली.

"मले सांगून काय होते? माय हाव मी, मले माहीतच होतं," ती म्हणाली. "गावाले सांगा."

मास्तर चावडीकडे गेले. दुपार कलली होती. सात-आठ माणसं बसली होती, त्यांत पाटील जानरावही होते. उभं राहून मास्तरांनी आपलं नाव सांगितलं, आणि नत्थुजी गावंड्यांच्या मुलाने खोटं लिहिलं नव्हतं, खोटं मी लिहिलं, असं सांगितलं. एकाने त्यांना बसायला जागा करून दिली. ते बसले नाहीत.

जानरावांनी विचारलं, "मंग त्याले नोकरी वापस भेटन काय?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"नत्थुजी असता त बरं झालं असतं," जानराव म्हणाले. दुसऱ्या दोघांनी माना हलवल्या. मग कोणीतरी यंदाच्या तुरीचं विचारलं, आणि बोलणं तिकडं वळलं. मास्तर छकड्याकडे चालत गेले.

कचेरीला त्यांनी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, की मूळ वह्यांशिवाय छापील तक्त्यात दुरुस्ती करता येत नाही आणि सेवेच्या कागदावरचा शेरा काढण्याची तरतूद नाही. नियतकालिकाने उत्तर दिलं नाही. हेमचंद्राने खासगीत लिहिलं की आता हे फार ताणू नये, त्यात दोघांचीही शोभा नाही. मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नाही, आणि पुढं दोघांचं येणंजाणं राहिलं नाही. वह्यांचं काम त्यांनी आधीच सोडलं होतं.

पुढच्या वर्षी मुंबईहून एका तरुण अधिकाऱ्याचं पत्र आलं. तांबड्या समुद्राच्या उन्हाळी प्रवाहांवर तो काही लिहीत होता आणि मास्तरांच्या पुस्तिकेचा आधार घ्यायला त्याला परवानगी हवी होती. पत्र फार आदराने लिहिलं होतं. मास्तरांनी त्याच दिवशी उत्तर टाकलं. पुस्तिकेतला चौदाव्या पानावरचा उन्हाळ्याचा तक्ता चुकीचा आहे, तो कृपा करून घेऊ नये. उन्हाळ्यात तिथं काय होतं हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस धामणगाव रेल्वे इथं जिनिंग फॅक्टरीत आहे, त्याला विचारावं. खाली खुशाल नत्थुजी गावंडे असं पूर्ण नाव लिहून पत्ता दिला.

त्या अधिकाऱ्याने खुशालला लिहिलं की नाही, आणि लिहिलं असेल तर खुशालने काय कळवलं, हे मास्तरांना कधी समजलं नाही. धामणगाव गाडीने तासाभराच्या अंतरावर होतं. जाऊन विचारावं असं त्यांच्या मनात अनेकदा आलं, पण त्यांना धीर झाला नाही.